मध्यंतरानंतरचा पिक्चर

नागपूरच्या पाचपावलीत नत्थूजीच्या पानठेल्यावर संध्याकाळी कोणी नव्या पिक्चरचं नाव काढलं, की दुसरा कोणी लगेच विचारायचा, "चंपतराव काय म्हणते?" चंपतराव मिलमध्ये विणाई खात्यात कामाला. दर दुसऱ्या रविवारी ते बायकोला, म्हणजे गोपिकाबाईंना, घेऊन बर्डीवरच्या टॉकीजला तीनच्या खेळाला जात. सिनेमाशी त्यांचा संबंध एवढाच. पण मत द्यायला संबंध लागतो असं कोणी सांगितलं? लागत असता तर निम्मं नागपूर मुकं झालं असतं.

चंपतरावांची मतं पक्की होती. तंबाखू मळत, कोणाकडे न पाहता ते बोलायचे. "हिरोची माय खोकलली का समजून जायचं, बुढी मध्यंतर पाहत नाही." किंवा, "हिरो बी.ए. पास झाला म्हणून धावत येते. कशाले धावते बाप्पा? आमच्या खात्यातल्या रामटेक्याचा पोरगा बी.ए. झाला, तो चालत आला. आल्यावर झोपला." श्रीमंत बाप घरातल्या घरात चट्ट्यापट्ट्याचा गाऊन घालून जिना का उतरतो, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्याबद्दल त्यांनी त्या बापाला कधी माफही केलं नाही. कादंबऱ्यांचंही तेच. गोपिकाबाई वाचनालयातून आणायच्या, चंपतराव जेवण झाल्यावर हाती घ्यायचे. एका नामांकित कादंबरीबद्दल ते म्हणाले, "चाळीस पानं झाली, अजून डोंगरच चालू हाये. माणूस कवा येते?" रहस्यकथेतला गुप्तहेर त्यांना बिलकूल पसंत नव्हता, कारण तो चहा प्यायचा नाही. अशा माणसाला चोर काय सापडणार!

पण ठेल्यावर खरी गर्दी व्हायची ती चंपतराव शेवटावर आले म्हणजे. शेवटाबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. "त्या विधवा बाईनं देराच्या घरी भांडे घासत बसण्यापेक्षा शिलाईची मशीन घेतली न, लय बढिया केलं. मानलं आपण." ऐकणारे एकमेकांकडे पाहायचे, माना डोलवायचे. चंपतरावांना वाटायचं, मुद्दा पोचला. एकदा भैय्याजी नावाचा एक जण म्हणाला होता, "अजी, मी त काही वेगळाच पाहिला." चंपतरावांनी त्याला विचारलं, कुठं बसला होता? तो म्हणाला, सगळ्यात पुढं. "मंग बरोबर हाये," चंपतराव म्हणाले. "इतक्या जवळून काय दिसते?" तेव्हापासून कोणी हरकत घेतली नाही.

आता खोटं कशाला सांगायचं, चंपतरावांनी लग्नानंतर एकही पिक्चर मध्यंतरापलीकडे पाहिला नव्हता. आठ तास मागांच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस तो. त्या आवाजापुढे सिनेमातली मारामारी म्हणजे अंगाईच. मध्यंतरात आलूबोंडा खायचा, चहा घ्यायचा, घंटी झाली की जागेवर यायचं, अंधार झाला की झोप. घोरणं नाही, मान टाकणं नाही. ताठ बसून, हाताची घडी घालून, एखाद्या परीक्षकासारखे झोपायचे. गोपिकाबाईंनी त्यांना कधी उठवलं नाही.

खेळ सुटल्यावर सायकल रिक्षात बसलं की चंपतराव विचारायचे, "मंग? पुढं काय झालं वं?" आणि गोपिकाबाई सांगायच्या. बर्डी ते पाचपावली, रेल्वे फाटक उघडं असलं तर थोडक्यात, बंद असलं तर गाण्यांसकट. कादंबरीचंही असंच. छातीवर पालथी पडलेली कादंबरी त्या उचलायच्या, वाचून काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी वाढता वाढता उरलेली सांगायच्या. एरवी त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. आठवीतून उठवून त्यांचं लग्न लावलं होतं. तेव्हापासून घरात बोलायचं काम चंपतरावांकडे आणि ऐकायचं त्यांच्याकडे, अशी वाटणी आपोआपच झाली होती.

त्या वर्षी जूनमध्ये त्यांची मुलगी जया सावनेरच्या एका शाळेत मास्तरीण म्हणून लागली. एक जुलैला हजर व्हायचं होतं. रोज सकाळी एस.टी.नं जायचं, संध्याकाळी परत यायचं. जयानं पेढे आणले. चंपतरावांनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, "नाही."

"काहून बाबा?"

"रोज मोटारीत धक्के खात एकटी पोरगी सावनेरले जाईन? लोकं म्हणतीन, चंपतरावचे हात थकले, पोरीच्या पगारावर जगून राहिला. तिले पाहाले पाहुणे येतीन तवा पोरगी घरी पाहिजे का मोटारीत?"

जयानं मायकडे पाहिलं. गोपिकाबाई उठून चुलीवरचा तवा उतरवायला गेल्या. त्या रात्री पोरगी दोन घास खाऊन उठली. चंपतरावांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एकदा नाही म्हटलं की तो शब्द गिळायचा कसा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

ठेल्यावर बातमी पोचलीच. नत्थूजी चुना लावता लावता म्हणाला, "मागल्या पिक्चरमधली पोरगी भावाचं घर सोडून वकील झाली, त तुम्ही तिले शाबासकी देऊन राहिले होते."

"पिक्चर वेगळा आन घर वेगळं, गा," चंपतराव म्हणाले आणि पान न खाताच निघाले.

एक तारीख गुरुवारी होती. त्याआधीचा रविवार सिनेमाचा. घरातली हवा अशी, की जावं की जाऊ नये. पण तिकिटं आधीच काढली होती, आणि काढलेलं तिकीट वाया घालवणं हे चंपतरावांच्या घराण्यात कोणी केलेलं नव्हतं. त्यात त्यांची दाढ दुखायला लागली. लवंग दाबून धरली, गालाला रुमाल बांधला आणि गेले. मध्यंतर झालं. आलूबोंडा खाता आला नाही. अंधार झाला. झोप येईना! दाढ अशी ठणकत होती, की चंपतराव डोळे सताड उघडे ठेवून पडद्याकडे पाहत बसले.

पिक्चर एका कारकुनाच्या मुलीचा होता. तिला मोठ्या शहरात बँकेत नोकरी लागते. बाप छातीवर हात ठेवून पडतो. मुलगी नोकरीचा कागद फाडते, बापाच्या पायावर डोकं ठेवते, आणि लगेच शहनाई. बाप उठून बसतो, डोलीला खांदाही देतो. चंपतरावांना शेवट फार आवडला. असा समजूतदार पिक्चर त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. तसे पाहिलेच किती होते म्हणा.

रिक्षात बसल्यावर त्यांना सांगायचं होतं, की आज मी जागा होतो. पण तोंड सुजलं होतं. सवयीनं एवढंच निघालं, "मंग?"

गोपिकाबाई सांगायला लागल्या. "मंग काय, बाप पडला. पोरीनं डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणे, काही नाही झालं, गॅस हाये. तिनं बापाले औषध देल्लं, उशाशी पाणी ठेवलं. आन कागद पिशवीत घातला. सकाळी उठून मोटारीवर गेली. खिडकीची जागा भेटली तिले."

चंपतरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. त्या समोर, रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहत होत्या. आवाज नेहमीचाच. खोटं बोलताना माणूस अडखळतो, पदर चाळवतो, तसं काही नाही. फाटक बंद होतं. मालगाडी जात होती. गोपिकाबाई त्या मुलीचं पहिल्या दिवसाचं लुगडं कोणतं होतं ते सांगत होत्या.

आधी चंपतरावांना राग आला. इतकी वर्षं बायकोनं आपल्याला वेड्यात काढलं! मग मालगाडीचे डबे जाता जाता त्यांना एक एक शेवट आठवायला लागला. ती शिलाई मशीनवाली. ती वकील. ती साखरपुड्याची अंगठी परत करून नर्स झालेली. कादंबरीतली ती, जिनं सासरी आठवीची पुस्तकं पुन्हा मागवली होती. या बायकांमधली एकही पडद्यावर किंवा पुस्तकात नव्हती, हे त्यांना आता कळलं. त्या सगळ्या या रिक्षात बसून बाहेर पडल्या होत्या. आणि शेजारी बसलेली बाई स्वतः मात्र दर वेळी पाचपावलीला उतरून कणीक मळायला लागायची. राग गेला आणि त्या जागी काही तरी असं आलं, की त्यापेक्षा दाढेचा ठणका बरा असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेल्यावर सगळे वाट पाहत होते. चंपतरावांनी ठरवलं होतं, आज आपण स्वतः पाहिलेला, अस्सल शेवट सांगायचा. त्यांनी सांगितला. कागद फाडला, पाया पडली, डोली.

कोणी मान डोलवली नाही.

"अजी, हा त आम्ही पण पाहिला," भैय्याजी म्हणाला. "तुमचा सांगा न."

"माझा म्हणजे?"

"म्हणजे, तुमचा," नत्थूजी म्हणाला. "टॉकीजवाल्याचा शेवट कोणालेही भेटते, भाऊ. लोकं इथं तुमचा ऐकाले येते. तुम्ही शेवट सुधारून सांगता, सारी पाचपावली ओळखते तुम्हाले त्याच्यासाठी. थो मशीनवाला मी घरी सांगतला, आमच्या रांडवलेल्या बहिणीनं मशीन घेतली, अजून शिवून राहिली. आन तुम्ही आज हे काय घेऊन बसले?"

आपली म्हणून जिची ख्याती होती, ती सगळी अक्कल बायकोची होती, हे चंपतरावांना भर चौकात, सुपारी कातरण्याच्या आवाजात कळलं. तेव्हा माणूस काय करतो? चंपतरावांनी घसा साफ केला आणि गोपिकाबाईंचा शेवट सांगितला. डॉक्टर, गॅस, उशाशी पाणी, पिशवी, मोटार, खिडकीची जागा. लोक खूश झाले. नत्थूजीनं पानात गुलकंद जास्त घातला.

"आन बाप?" भैय्याजीनं विचारलं. "पोरगी मोटारीत बसली. बाप काय करते मंग?"

गोपिकाबाईंच्या एकाही शेवटात बापाचं, भावाचं, नवऱ्याचं पुढं काय झालं ते नसायचं, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. "उद्या सांगतो," असं म्हणून ते घरी आले.

गोपिकाबाई सुपात डाळ निवडत होत्या. चंपतराव समोर बसले.

"गोपिका, काल मी जागा होतो."

"माहीत हाये," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "दाढ दुखून राहिली होती न तुमची. डोळे उघडेच होते."

"माहीत होतं? मंग तरी तसं काहून सांगतलं?"

"माहीत होतं म्हणूनच सांगतलं."

चंपतरावांनी सुपातली डाळ उगाच बोटानं चाळवली. मग म्हणाले, "ठेल्यावर लोकं विचारून राहिले, बाप काय करते म्हणून."

गोपिकाबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज शाबूत होता. "पोरीचं मले ठाऊक हाये, अजी. मी होती न पोरगी. बापाचं मले काय ठाऊक? थे तुम्ही सांगा."

आतल्या खोलीत जया होती, पण आवाज काही नव्हता. ती ऐकत होती हे दोघांनाही कळत होतं. चंपतरावांनी गाल चोळला. त्यांना भीती वाटत होती, आणि भीती कशाची हे सांगता येत नव्हतं. सावनेर काही लंका नव्हती. शेवटी ते आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "जया! सावनेरची मोटार किती वाजता सुटते वं?"

आतून, रडक्या आवाजात, "साडेसातले, बाबा."

गुरुवारी चंपतरावांनी मिलमधली पाळी बदलून घेतली. स्टँडवर ही गर्दी! सावनेरची गाडी लागायच्या आधीच माणसं दारावर तुटून पडली. चंपतराव दाराच्या भानगडीत पडलेच नाहीत. गाडी अजून हलत होती तेव्हाच बाजूने धावत त्यांनी खिडकीतून रुमाल आत टाकला. "जागा धरली, जागा धरली!" एक बुवा त्या जागेवर टेकणारच होता. चंपतराव त्याच्यावर असे ओरडले, की तो बिचारा पार मागच्या बाकावर जाऊन बसला. "मास्तरीणबाई बसणार हाये तिथं!" ते खालून सगळ्या गाडीला सांगत होते. जया लाजेनं लाल होत आत गेली आणि खिडकीशी बसली.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी सुटली. गोपिकाबाई धुरळा बसेपर्यंत हात वर करून उभ्या होत्या. चंपतरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला खिशात हात घातला, तर खिसा रिकामा.

"तुमचा रुमाल मोटारीतच गेला," गोपिकाबाई म्हणाल्या.

चंपतरावांनी बाहीनं डोळे पुसले. "राहू दे," ते म्हणाले. "पोरगी आणते न थो संध्याकाळी. उद्या पुन्हा जागा धराची हाये."