इडली, उभी राहा

माझ्या मुलीला वर्गात इडली म्हणतात, हे मला आमच्या गल्लीतल्या एका मुलीकडून कळलं. मी दारात मेथी निवडत बसले होते. समोरच्या घरातली, माझ्या मुलीच्याच वर्गातली पोर सायकलवरून जाता जाता ओरडली, "ए इडली, येतीस का खेळायला?" पायरीवर बसलेली माझी मुलगी उठून आत गेली. मी त्या पोरीला थांबवलं आणि असं का म्हणतेस म्हणून विचारलं. ती अजिबात घाबरली नाही. सहज म्हणाली, "मॅडमच म्हणतात की, काकू. इडली, उभी राहा, असं."

आम्ही विट्याचे, पण नवऱ्याचं गलाईचं दुकान मदुराईला आहे. जुनं सोनं गाळून शुद्ध करून देण्याचं हे काम, आमच्या भागातली कितीतरी माणसं त्यासाठी देशभर पांगली आहेत. मुलगी तिकडेच वाढली, तिसरीपर्यंत तिकडच्याच शाळेत शिकली. मग सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, घरात करायला बाईमाणूस नाही, म्हणून मुलीला घेऊन मी विट्याला आले आणि तिला इथल्या मराठी शाळेत चौथीत घातलं. घरात आम्ही मराठीच बोलत आलो, पण तिच्या जिभेला वळण तिकडचं लागलेलं. घरला ती गर म्हणायची, भाताला बात. लिहितानाही तेच. मला वाटायचं, सुधारेल हळूहळू. लहान आहे.

मेथी तशीच टाकून मी आत गेले. ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या शेजारी बसले. मग तुटक तुटक सांगायला लागली. मॅडम रोज तिला धडा वाचायला उभं करतात. घर शब्द आला की तिथंच थांबवतात आणि वर्गाला विचारतात, काय म्हणाली ही? सगळा वर्ग एका सुरात "गर" म्हणतो आणि हसतो. शुद्धलेखन चुकलं की तिला पहिलीच्या वर्गात नेऊन बसवतात, लहान पोरांच्या मध्ये. दिवाळीनंतर ती सकाळी उठली की पोट दुखतंय म्हणायची आणि मी तिला ओव्याचं पाणी पाजून रिक्षात बसवत होते.

"मम्मी, तू शाळेत येऊ नको," ती म्हणाली. "तू आलीस की मॅडम अजून रागावतील."

तिथून पुढे माझं कशातच लक्ष लागेना. घरात प्रत्येकाचं मत वेगळं होतं. नवरा फोनवर भडकला. शाळेच्या संस्थेतल्या कुणाचा तरी नातेवाईक मदुराईत त्याच्या ओळखीचा होता, त्याच्याकडून वरून फोन करवतो म्हणाला. कराडचा माझा भाऊ म्हणाला, कसला विचार करतेस, पालकांच्या ग्रुपवर टाक सरळ, सगळ्यांना कळू दे. सासरे चार माणसं घेऊन शाळेत जायला निघाले होते. सासूबाई वॉकरला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना म्हणाल्या, "आवं, पोरीला तितंच वर्ष काडायचं हाय. मास्तरनीशी वैर घेऊन कसं भागंल?" मला प्रत्येकाचं ऐकताना त्याचंच बरोबर वाटायचं. कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचे आणि बादली तशीच ठेवून इकडून तिकडे फेऱ्या मारत राहायचे. जावं तर पोरीचा शब्द मोडतो. न जावं तर तिला रोज त्या वर्गात आपल्याच हातानं पाठवतो.

शेवटी मी तिलाच विचारलं, मी जाऊन नुसतं बोलले तर चालेल का? तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं की मोठ्यानं बोलायचं नाही आणि मधल्या सुट्टीत यायचं नाही, पोरं बघतात.

मॅडम माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, सासूबाईंची चौकशी केली. मी जे मनात जुळवून गेले होते ते सगळं विसरले. त्यांनीच सुरुवात केली. "अहो, मी लाडानं म्हणते. मुलं हसतात, तीही हसते. वर्गात जरा मोकळं वातावरण नको का?"

"घरी ती बोलायची बंद झालीये, मॅडम," मी म्हणाले.

त्यावर त्या मराठी सुधारण्याबद्दल बोलायला लागल्या, पुढे स्कॉलरशिपची परीक्षा असते, पाया कच्चा राहिला की मुलं मागे पडतात. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तो सराव मी घरी करून घेते, फक्त तिच्यावर वर्गाला हसवू नका. त्या बरं म्हणाल्या. पायऱ्या उतरताना मला हलकं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते नाव घेणं थांबवलं आणि माझ्या मुलीशी बोलणंही थांबवलं. ओळीनं वाचन सुरू झालं की हिच्या शेजारणीनंतर थेट हिच्या मागची. हिनं हात वर केला तरी त्यांना दिसायचा नाही. आणि पोरं ते नाव घ्यायचीच. "मॅडम माझ्यावरनं पुढं जातात," तिनं मला सांगितलं. रडली वगैरे नाही. "मी म्हटलं होतं ना, येऊ नको."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. नवरा म्हणाला, शाळा बदल. ते सोपंही होतं. पण अर्ध्या वर्षात दुसऱ्या शाळेत जाऊन ती तिथंही घरला गरच म्हणणार होती. मी मुख्याध्यापकांची वेळ घेतली. सासरे म्हणाले मीबी येतो. मी म्हटलं, मामा, या, पण बोलेन मी. त्यांनी मान हलवली आणि खरंच तिथं टोपी मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले.

मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "यांनीच सांगितलं की हसवू नका. म्हणून मी तिला विचारतच नाही."

मी मॅडमकडे वळले. "मला तुमची माफी नकोय," मी म्हणाले. "तिला वाचू द्या. चुकलं तर जवळ बोलावून सांगा. आणि ते नाव तुम्ही ठेवलंत, वर्गासमोर ते काढून टाकायचंही तुम्हीच."

मुख्याध्यापकांनी तुकडी बदलून देण्याची तयारी दाखवली. मी मुलीला विचारून सांगते म्हटलं, तेव्हा त्यांना नवल वाटलं.

परत येताना सासऱ्यांनी रस्त्याकडेला स्कूटर थांबवली. मला वाटलं पेट्रोल संपलं. ते म्हणाले, "आमी मेंढरं राखायचो तवा मी बी शाळेत हुतो. गुरुजी माज्या अंगाचा वास येतो म्हनून मला दाराबाहीर बसवायचं. माजा बा काय बोलला न्हाई. आन् मी शाळेत पुन्ना गेलो न्हाई." एवढं बोलून त्यांनी स्कूटर चालू केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही माहीत होतं की नाही कोण जाणे.

मुलीनं तुकडी बदलायला नको म्हटलं. तिची एकुलती एक मैत्रीण त्याच वर्गात होती. दोन दिवसांनी मॅडमनी वर्गाला सांगितलं, की आता हिला कुणी इडली म्हणायचं नाही, हिच्या आईला ते आवडत नाही. आईला! पुढे काही दिवस पोरं तिला तेच चिडवत राहिली, आईला आवडत नाही, आईला आवडत नाही. मग तेही विरलं. मॅडम तिला वाचायला सांगू लागल्या. कोरडेपणानं, पण सांगू लागल्या, आणि चुकलं की टेबलाजवळ बोलावून दुरुस्त करू लागल्या. घरी आम्ही दोघी रोज आरशासमोर बसून तोंडापुढे हात धरायचो, घ म्हणताना हाताला वारा लागतो का बघायला.

वर्षअखेरच्या पालकसभेत मॅडम मला म्हणाल्या, आता बरं वाचते. मी हो म्हटलं. त्या आणखी काहीतरी बोलतील असं मला वाटलं, तेवढ्यात दुसरे पालक आले. नवरा फोनवर विचारतो, मिटलं ना सगळं? मी मिटलं म्हणते. पण तिनं वर केलेला तो हात किती दिवस तसाच राहिला असेल, हे स्वयंपाक करतानाही मनात येतं, आणि पहिल्याच खेपेला सासऱ्यांना सोबत न्यायला हवं होतं की मुलीचं ऐकून गप्प राहायला हवं होतं, हे अजून ठरत नाही.

या जूनमध्ये ती पाचवीत गेली. पहिल्या दिवशी दप्तर उतरवायच्या आत मी विचारलं, नव्या मॅडम कशा आहेत. तिनं बूट काढता काढता थोडा विचार केला.

"अजून कळलं नाही," ती म्हणाली, आणि जेवायला बसली.