वजनानं गाडी रस्ता धरते म्हणे!

मंडळी, हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे, आणि संतापून लिहिते आहे.

सकाळी राजूरहून वणीला शेअर जीपने निघाले. पाऊस भुरभुरत होता. कोळशाच्या ट्रकमधून सांडलेली भुकटी भिजली की आपला रस्ता तेल ओतल्यासारखा निसरडा होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जीप गच्च भरलेली असूनही ड्रायव्हरने आणखी दोन बायकांना मागच्या पायरीवर उभं केलं. मी म्हटलं, "अहो, माणसं भरताय की पोती?"

"काकू, वजन असलं का गाडी रोड धरून राह्यते. रिकामी गाडीच घसरते. तुम्ही कायले भेता?"

पुढचा ट्रक अचानक थांबला. याने करकचून ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. त्याच लाडक्या वजनाने तिला आडवं फिरवून पुलाच्या कठड्यावर आपटलं.

पायरीवरच्या दोघींपैकी संगीता, रोजमजुरीला निघालेली, गाडी आणि कठड्याच्या मध्ये सापडली. बाहेर काढल्यावर तिने मला विचारलं, "बाई, माह्या पायात चप्पल हाये का? मले काही समजूनच नाही राह्यलं."

चप्पल होती. मी हो म्हटलं. पायाबद्दल बोलले नाही.

आता दाराशी तोच ड्रायव्हर सांगतो आहे, "गाडी भरेल होती म्हणून वाचलो, नाही तं पलटीच झाली असती." आणि जमलेले लोक माना डोलावताहेत.

आत डॉक्टर तिचा पाय वाचतो का ते बघताहेत. उद्या त्या पायरीवर तिच्या जागी कोण उभं राहणार आहे? या माना डोलावणाऱ्यांपैकी कुणी?