वहिनींची चार मडकी

ही गोष्ट मला ठाऊक आहे आणि माझ्या घरामागच्या परसाला. माझ्या तोंडून ती आजवर बाहेर पडलेली नाही — मुलाजवळ नाही, मठातल्या स्वामींजवळही नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

फाल्गुन सरत आला की मी परस आवरायला घेतो. आडत दुकानातून दुपारीच उठतो, घरी येऊन धोतर खोचतो. पडलेला पाला गोळा करायचा, मोगरा छाटायचा, आळी उकरून जुनं शेणखत घालायचं, खोडांना चुना आणि गेरू लावायचा. गडी लावत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. हे आठ-दहा दिवस हातात खुरपं असलं की घरात कुणी नाही हे जरा विसरायला होतं.

बेलाकडे मी सगळ्यात शेवटी जातो. मुद्दाम.

बेलाच्या आळ्यात चार मडकी गळ्यापर्यंत पुरलेली आहेत. ती काढायची, बुडं घासायची, परत बसवून भरायची, वर झाकणी. पाणी मातीतून पाझरत मुळाशी जातं आणि वरची जमीन ठणठणीत कोरडी दिसते. झाड पाणी पितंय हे बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

ही युक्ती मला शेजारच्या वहिनींनी शिकवली. बेलही त्यांचाच — त्यांच्या मोठ्या बेलाच्या मुळाला फुटलेलं रोप. बायको गेली त्या वर्षी त्यांनी ते भिंतीवरून माझ्या हातात दिलं होतं. म्हणाल्या, "अप्पा, रिकामं घर खायला उठतंय. ह्याला पाणी घालत जावा, तेवढाच जीव रमंल."

तर अशी बाई. आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगतो. आणि माझ्या रागाबद्दल — तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मी मुरुडहून लातूरला आलो तो पाठीवर पोती वाहायला. हमालाचा आडत्या झालो ते कुणाच्या मेहरबानीनं नाही. मग ह्या मास्तर-कारकुनांच्या कॉलनीत प्लॉट घेतला. एकदा देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना गोळा करून म्हटलं, सगळ्यांत मिळून एक बोअर घेऊ. बोअरवाल्याशी अर्धा दिवस हुज्जत घालून मी त्याला भावात खाली आणला होता. त्यात माझा स्वार्थ काय होता? पण गुरुजी — वहिनींचे मालक, निवृत्त शिक्षक — चष्मा पुसत म्हणाले, "अप्पा, पोत्यामागं कडता कापताव, आता घागरीमागंबी कापणार का काय?"

कडता म्हणजे शेतकऱ्याच्या मालातून आडत्या जे वजन उगाच कापून घेतो ते. सगळे हसले. अगदी पोट धरून हसले. मी खुर्ची लाथेनं उडवली आणि निघून आलो.

कापत होतो का मी कडता? कापत होतो. सगळेच कापायचे. म्हणूनच ते इतकं लागलं असेल. मग मी एकट्यानं बोअर घेतला, त्याला पाणी लागलं, आणि ते हसणं मी जपून ठेवलं — आपण जुनी पावती जपतो तसं.

पुढे ते वर्ष आलं. लातूरच्या माणसाला 'ते वर्ष' म्हटलं की पुरे. संक्रांतीआधीच नळ बंद झाले, कॉलनीतले दोन बोअर आटले, आठवड्यातून दोनदा कोपऱ्यावर टँकर येऊ लागला आणि घागरींच्या रांगेवरून सख्खे शेजारी एकमेकांची गचांडी धरू लागले. माझ्या बोअरला पाणी होतं. भरपूर नव्हतं, पण रोज तासभर मोटर चालेल इतकं होतं.

मी सांगितलं, आटला.

टँकर आला की माझ्याही दोन घागरी रांगेत असायच्या. टँकरवाल्याशी मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं भांडायचो. त्याचं इंजिन घरघरत असायचं, कॉलनी कोपऱ्यावर जमलेली असायची, आणि तेवढ्या वेळात माझ्या परसात पाइप मडक्यांत सोडलेला असायचा. हुशारी बघा. ह्या हुशारीवर मी तेव्हा खूश होतो.

माघात गुरुजींना अर्धांगवायू झाला. सगळं अंथरुणातच. एका सकाळी वहिनी फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत. "अप्पा, बोअरला थोडं तरी येतंय का? दोन घागरी मिळाल्या तर... ह्यांचं धुणं-पुसणं व्हत न्हाई वो."

आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग असतं. आंघोळ झाल्यावर ते तळहातावर घेऊन पूजा करायची आणि त्यावर बेल वाहायचा. मी त्या लिंगावर हात ठेवला. वहिनींनी शपथ मागितली नव्हती. मीच ठेवला. म्हणालो, "ह्याची आण वहिनी, थेंब न्हाई."

घागर भरायला किती वेळ लागतो? तुम्हीच सांगा. मी सौद्यात मुरलेला माणूस, मी मनाशीही सौदाच केला — आज दोघांना दिलं तर उद्या सगळी गल्ली दारात, म्हणून नको. खोटं आहे हे. भिंतीपलीकडून दोन घागरी द्यायच्या, कुणाला कळलं असतं? खरं एवढंच की त्या माणसाचं अंग कोरड्यानं पुसलं जातंय, हे ऐकून मला बरं वाटलं होतं.

इथेच थांबता आलं असतं तर बरं होतं. पण अजून आहे.

फाल्गुनात बेल झडतो आणि चैत्राच्या तोंडाला फुटतो. वहिनी भांड्यांचं खरकटं पाणी गाळून आपल्या बेलाला घालायच्या, मला भिंतीवरून दिसायचं. तो फुटला नाही. माझा फुटला. तांबूस, चकचकीत पानं, फांदीफांदीला. सगळी कॉलनी करपलेली आणि माझ्या परसात हे. झाडाला खोटं बोलता येत नाही, ते माझ्या शपथेचा बोभाटा करायला निघालं होतं.

मी शिडी लावली. टँकरच्या वेळी, सलग तीन खेपांना. एकेका फांदीवरून ती कोवळी पानं ओरबाडून काढली आणि तुरीच्या रिकाम्या पोत्यात भरली. काट्यांनी हात फाटले. ज्याचं पान देवाशिवाय दुसऱ्या कशासाठी तोडायचं नसतं, असं लहानपणापासून ऐकलेलं, त्याचं पोतं भरून पान मी उकिरड्यावर नेण्यासाठी दाराआड ठेवलं.

तिसऱ्या खेपेच्या दिवशी, सोमवारी, वहिनी परत आल्या. पाणी मागायला नाही. "आमचा वाळला वो, अप्पा. तुमच्याला चार पानं असली तर द्या. ह्यांच्या हातानं व्हायची हायेत. बोटं हलायला लागलीत जरा."

पोतं माझ्या पाठीशी होतं. दार अर्धवट लोटलेलं. पानांचा वास — बेलाचं कोवळं पान तोडलं की येतो तो — मला येत होता. त्यांना आला नसेल?

"माझाबी वाळला," मी म्हणालो.

त्या थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिल्या. ओरखड्यांकडे. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

वैशाख लागायच्या आत लेक येऊन दोघांना नांदेडला घेऊन गेली. जायच्या दिवशी सकाळी माझ्या फाटकाशी चार मडकी ठेवलेली होती, त्यांच्या बेलाच्या आळ्यातून काढलेली. जीपमध्ये बसता बसता वहिनी म्हणाल्या, "आमच्या काय कामाची आता. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." गुरुजी मागच्या सीटवर आडवे होते. त्यांनी तो बरा असलेला हात जरासा उचलला — मला निरोप द्यायला. ऐन पावसाळ्यात ते गेले. मी नांदेडला गेलो नाही. मालाच्या कामानं दर महिन्याला नांदेडला असतो, अजूनही त्या घराची पायरी चढलेलो नाही.

त्यांचं इथलं घर बंद आहे. मधली भिंत मी चार विटांनी उंच करून घेतली. ती मडकी त्याच भिंतीशी पालथी पडून आहेत. दर वर्षी बाकी सगळी साफसफाई होते, त्यांच्याखालची जागा तेवढी राहते.

वहिनींचा फोन वर्षातून एकदा येतो, ह्याच दिवसांत. तब्येत विचारतात, मुलाचं विचारतात, आणि शेवटी — "अप्पा, बेल फुटला का?"

परवा आला तेव्हा मी परसातच होतो, हाताला गेरू लागलेला. आळ्यातली मडकी भरून झाली होती. डोक्यावर बेलाला नवी पानं आली होती, अगदी त्या वर्षीसारखी तांबूस.

"न्हाई वो वहिनी," मी म्हणालो. "कुठला फुटतोय."

मग त्या म्हणाल्या, "असू द्या. मडक्यात पाणी तेवढं घालत ऱ्हावा."