किसनरावांच्या डोळ्यांची पेटी

अमरावतीच्या एका नेत्रपेढीची गाडी चालवता चालवता नत्थुजींना सतरा वर्षं झाली. दान केलेले डोळे अकोल्याहून वेळेत आणायचे, एवढंच काम. कंबर त्यानं गेलीच, पण माणूस खरा थकला तो एका बाईच्या प्रश्नानं.

गोदाबाई अकोल्यात दवाखान्याच्या फाटकाशी फुलं विकते. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात तिचे मालक किसनराव गेले. 'पुढच्या जन्मी आंधळा येईल' अशी सोयऱ्यांची बोलणी खाऊन तिनं त्यांचे डोळे दिले. ती पेटी नत्थुजींनीच नेली. मूर्तिजापूरजवळ ट्रक उलटून रस्ता बंद, पारा सेहेचाळीसवर, पेटीतल्या बर्फाचं पाणी होत चाललेलं. नत्थुजींचे वडील जत्रेत कुल्फी विकायचे. बर्फात मीठ टाकलं की कुल्फी टिकते, हे शहाणपण घरचंच. त्यांनी धाब्यावरून बर्फ घेतला आणि वर चांगलं दोन मुठी खडेमीठ टाकलं. करायला गेले गणपती, झाला मारुती! अमरावतीत डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली तर डोळे गोठून टणक, निकामी.

"थंड ठेवायचे होते हो, गोठवायचे नव्हते," त्या एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून पेटीत तापमापक असतो. नव्या ड्रायव्हरांना मिठाची गोष्ट नत्थुजीच सांगतात. "एका ड्रायव्हरनं असं केलं होतं," म्हणतात. तो कोण, हे सांगायची छाती होत नाही.

गाडी दिसली की गोदाबाई मात्र उठून यायचीच.

"भाऊ, कोणाले लागले माह्या मालकाचे डोये?"

"नाव सांगता येत नाही, बाई. नियम हाय."

नियम खराच होता. चांगल्या नियमाआड लपणं फार सोपं असतं. लपून लपून नत्थुजींना स्वतःचीच शिसारी आली होती.

परवा ती म्हणाली, "नाव नोका सांगू. बाईले लागले का माणसाले, तेवढं तरी सांगा."

नत्थुजींना पुढं रेटवेना. ते गाडीतून उतरले, तिच्या टोपलीशेजारी खाली बसले आणि मिठासकट सगळं सांगून मोकळे झाले.

गोदाबाईनं अर्धा ओवलेला हार टोपलीत ठेवला.

"मिठाचं सोडा, भाऊ. चुकी कोणाच्याबी हातून होते," ती म्हणाली. "पण फुलं घ्याले येनाऱ्या परत्येकाच्या डोयात मी दोन वर्सं पाहून राहिली ना. तवाच काहून नाही सांगतलं?"