पोरीला घाबरवायला नेलं तो रविवार

माणसांना घाबरवायचा मी पगार घेतो. निघोजेजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर पत्रा कापायच्या कारखान्यात, नवी पोरं भरती झाली, की मशीनवर जाण्याआधी त्यांना माझ्यापुढे आणून बसवतात. मी डावा हात टेबलावर ठेवतो. मधलं बोट अर्धं नाही. दोन सेकंद लक्ष नव्हतं, एवढंच सांगतो. सगळे आपापले हात मांडीवर ओढून घेतात.

म्हणून बायको म्हणाली, "जगाला घाबरवता, जरा पोरीला घाबरवा की." पोरीची लष्करात निवड झाली होती. अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी, त्यामुळे फॉर्मवर आई-बाप दोघांच्या सह्या पाहिजे होत्या. तो फॉर्म मी टीव्हीखालच्या कप्प्यात दाबून ठेवला. रागावलो, अबोला धरला, एकदा तर ताटावरून उठलो. पोरीनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "पप्पा, मंगळवारपर्यंतच मुदत आहे."

रविवारी तिला गाडीवर मागं बसवलं आणि आधी चाकणच्या भुईकोट किल्ल्यावर नेलं. माझी अक्कल बघा. वेढा घालणाऱ्यांनी सुरुंग लावून बुरूज उडवला होता ती हकिगत सांगून म्हटलं, "इथं माणसांच्या चिंधड्या झाल्या." ती पडक्या तटावर चढली. "आतल्यांनी किती दिवस तग धरला असेल ना?" तिचे डोळे चमकत होते. हे उलटंच झालं म्हणून मी भडकलो आणि गाडी सरळ खडकीला घातली.

खडकीत महायुद्धात मेलेल्या सैनिकांची स्मशानभूमी आहे. मी गेटापाशी चप्पल काढायला लागलो तर तिथला माळी म्हणाला, "राहू द्या, देऊळ न्हाई हे." आत कापलेली हिरवळ आणि दगडांच्या रांगा. आमच्याकडं तयार माल लावतात तशा, एकही तसूभर पुढं-मागं नाही. दुपारची वेळ, आम्ही दोघंच. इंग्रजी मला अडखळत येतं, पण आकडे येतात. मी वयं वाचत सुटलो, तिला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं. बावीस. एकोणीस. चोवीस. परत एकोणीस.

एका दगडावर वयच नव्हतं. "हे असं का?" मी विचारलं.

"ओळख पटली नाही, पप्पा. नुसतं सैनिक एवढंच लिहिलंय." तिचा आवाज बसला होता. चला, लागू पडलं, असं वाटून मी पुढं सरकलो.

पुढच्या रांगेत एक अठरा वर्षांचा निघाला. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. तिनं वाचून सांगितलं, "घरच्यांनी लिहून पाठवलंय. हा त्यांचा धाकटा होता." माझं वाचणं तिथंच थांबलं. ह्याच्या बापानंही कुठल्यातरी कागदावर सही केली असेल, असं मनात आलं. बोट गेलं त्या दिवशीसुद्धा मी एवढा घाबरलो नव्हतो. मी तिथंच हिरवळीवर बसलो.

तिनं बाटली पुढं केली आणि शेजारी बसली. "मला घाबरवायला आणलंत ना?"

"हो."

"घाबरले मी. त्या नाव नसलेल्या दगडापाशी अंगावर काटा आला."

"मग झालं तर. घरी जाऊन फॉर्म फाडून टाकू."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "पप्पा, तुमचं बोट बघून आजवर किती पोरं पळून गेली?"

मला खोटं बोलायचं होतं. पण ती माझ्याकडं बघत होती. "कुणी नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी शिफ्टला येतात. हात सांभाळून काम करतात."

"तुम्ही नाही म्हणालात तर मी परत विषय काढणार नाही," ती म्हणाली, आणि ते ती खरंच बोलत होती. मी जिंकलो होतो, तरी फॉर्म फाडावा असं काही वाटेना.

आकुर्डीला घरी पोचलो तर बायको दारातच उभी. पोरीचा उतरलेला चेहरा बघून तिला हायसं वाटलं. "घाबरली ना?"

"घाबरली," म्हटलं, आणि कप्प्यातून फॉर्म काढून सही केली.

बायको भांडली नाही, ते मला जास्त लागलं. तिनं फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "तिला काय दाखवलंत ते उद्या मला दाखवा. मग बघू." त्या जागेत परत पाय ठेवायची माझी छाती नव्हती. तरी रजा टाकली.

सोमवारी तिनं पदर खोचला आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. प्रत्येक दगडापाशी थांबायची आणि विचारायची, "ह्याचं किती?" मी सांगायचो. एकोणीस म्हणताना माझा आवाज फुटेना, तेव्हा ती नुसती थांबून राहायची, मी बोलेपर्यंत. शेवटच्या रांगेपर्यंत तिनं एकही दगड सोडला नाही.

मग पर्समधून फॉर्म काढला. टेकायला जागा नव्हती. "वाका," म्हणाली. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. पाठीवर कागद आला, पेनाचं टोक शर्टातून टोचलं आणि दोन अक्षरं लिहून थांबलं. खूप वेळ तसंच थांबून राहिलं. मी हललो नाही. मग ते पुढं चालू झालं.