खिशातली फटाकडी

कुसाबाई खालकर पाखरांची ओळख शिकली ती पाखरं हाकलता हाकलता. नांदूर मधमेश्वरच्या फुगवट्याकडेला तिच्या सासरची गाळपेराची जमीन. धरणाचं पाणी उतरलं की जो गाळ उघडा पडतो, त्यात हरभरा टाकायचा, काकडी लावायची. लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या दिवशी सासऱ्यानं तिच्या हातात गोफण दिली आन सांगितलं, "चांदवं रोप उपटत्यात, त्यांना हाण. थापट्या नुसता चिखल गाळतो, त्याच्यापायी दगड वाया घालवू नको." झालं, तिथून शिक्षण सुरू. कोण चोर, कोण साव, कोण चोराच्या वाटेवरचा, हे डोळे मिटून आवाजावरनं सांगता आलं पाहिजे. नाहीतर रोज शंभर दगड गोळा करत बसा.

पुढं नाशिकची मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून यायला लागली. त्यांना वाट दाखवायला कोणीतरी हवंच होतं. पुरुषमाणसं शेतावर, म्हणून कुसाबाई पुढं झाली. हळदीकुंकू बदक, तलवार बदक, भोवत्या, निळ्या गळ्याचा शंकर... ती बोट करायची, आन मंडळी "वा मावशी, वा" करायची. त्यातले सगळ्यांत मोठे शेखर ताजनपुरे. नाशिकरोडचे राहणारे, नोकरीतून सुटलेले, हाताएवढं लांब भिंग लावलेला कॅमेरा, आन डोक्यात आपण आतापर्यंत किती जातींची पाखरं बघितली त्याचा आकडा. हा आकडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नाशकात दुसऱ्या कोणाचा आकडा त्यांच्या जवळपास आला की सरांना जेवण गोड लागत नसे, असं त्यांचेच दोस्त सांगत.

अकरा वर्षं कुसाबाईनं सरांना पाखरं दाखवली. आन अकरा वर्षं प्रत्येक यादीच्या तळाला एकच ओळ यायची: 'स्थानिक सहकार्य: मावशी'. नाव सुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी एक कांड्या करकोचा थव्यातून चुकून एकटाच उतरला होता. पहाटे तिनं हेरला, सरांना फोन करून बोलावलं. अहवालात फोटो आला, खाली 'प्रथम नोंद: शेखर ताजनपुरे'. सुनेनं, सृष्टीनं, ते वाचून दाखवलं तेव्हा कुसाबाई भाकरी थापत होती. ती एवढंच म्हणाली, "बरं." पण त्या दिवशीच्या भाकरीला लय दणके बसले.

ह्या साली फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी दिवसभराची पक्षीमोजणी स्पर्धा ठरली. सकाळी सहा ते संध्याकाळी पाच. कुसाबाईनं आपला स्वतःचा संघ नोंदवला. ती, सून सृष्टी, जी वाचते-लिहिते, आन शेजारचा गोटीराम, जो होडी वल्हवून मासे धरतो. मोजणीचं काम बघणाऱ्या उज्वला मॅडम कॉलेजात शिकवतात. त्यांनी अर्ज घेतला. शेखरसरांनी तिथंच हसत विचारलं, "मावशी, तुम्ही स्पर्धेत? मग आम्हाला पाखरं कोण दाखवणार?"

"डोळं हायत ना सर तुम्हाला," कुसाबाई म्हणाली. "आन मावशी नगा म्हणू. अर्जावर नाव लिवलंय."

आता ह्या लोकांचे रिवाज असतात, ते समजून घ्यावे लागतील. एका संघानं पाखरू हेरलं असलं तर दुसऱ्यानं त्याच्या पुढं जाऊन उभं राहायचं नाही. कोणाचा आकडा किती झाला हे वाचन होईपर्यंत विचारायचं नाही. विचारणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात वाकून बघणं. पाखरू संघातल्या दोघांनी तरी बघितलं किंवा ऐकलं पाहिजे. कागदावर पेनानं लिहायचं, खाडाखोड नाही. काही खोडायचं असलं तर संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून खोडायला सांगायचं. आन मोबाईलवर आवाज वाजवून पाखराला बाहेर काढायचं नाही. बिचारं आपलं दुसरं कोणी आलं म्हणून बाहेर धावत येतं, दमतं. जो वाजवेल त्याचा संघ बाद. हा शेवटचा नियम शेखरसरांनी स्वतः लिहून काढलेला, पाच वर्षांपूर्वी, एका धुळ्याच्या माणसाला हरवायला.

सकाळ चांगली गेली. गोटीराम होडी वल्हवता वल्हवता एकेक नाव वाढवत होता, "वहिनी, त्यो बघा कैकर, मासा धरून चाललाय. माझा मासा नेतोय मेला." सृष्टी लिहीत होती. अकराच्या सुमाराला तिघं कालव्याच्या कडेनं चालली होती. पलीकडं पाणकणसाचं रान माणसाच्या डोक्यावर गेलेलं. त्यातून आवाज आला. टुक. टुक. टुक. आन मग उतरणीवरनं खडा घरंगळत जावा तसा लांबलचक थरथराट.

कुसाबाई जागच्या जागी थांबली. फटाकडी! मूठभर तांबूस पाखरू, इतकं लाजाळू की वर्षातून एकदा दिसलं तर दिवाळी. दोन वर्षांत तिचा आवाज कानी पडला नव्हता. परत तोच आवाज. चार वेळा.

"ऐकलं का?" तिनं विचारलं.

"ऐकलं," दोघं म्हणाले.

"लिव गं."

सृष्टीनं लिहिलं: फटाकडी, ऐकली. कुसाबाईची चाल त्यानंतर अशी काही झाली की गोटीराम मागनं म्हणाला, "वहिनी, नवरीवानी काय चालताय?"

दुपारी करंजाखाली फडकं सोडलं. बाजरीची भाकरी, ठेचा, पातीचा कांदा. गोटीराम चावता चावता म्हणाला, "औंदा बेडकं लवकर माजली राव. तिकडं कालव्याला केवढी वरडत व्हती."

कुसाबाईच्या हातातला घास तोंडाजवळ थांबला.

"कवा?"

"आवं आत्ता, ती फटाकडी बोलत व्हती तवा. मागं डराव डराव, डराव डराव."

"माघात?"

गोटीराम चावायचा थांबला. कुसाबाईनं घास परत फडक्यावर ठेवला, उठली आन कालव्याकडं चालू लागली. माघात बेडूक चिखलात झोपलेला असतो. आन फटाकडी तो घरंगळता आवाज आषाढात काढते, जोडीदाराला बोलवायला; थंडीत तिचं नुसतं चिक् असतं, तेही कंजुषासारखं. हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांनी आवाज ऐकल्याच्या आनंदात कान गहाण पडला होता.

पलीकडच्या काठानं वळसा घालून ती पाणकणसापाशी पोहोचली. चिखलात महागड्या बुटाचे खोल रेषांचे ठसे, कणसं मोडून आत गेलेली वाट, आन तीन पायांच्या स्टँडची तीन भोकं. बेडूक एकही नव्हता; आषाढात कुणीतरी फोनवर भरून घेतलेला आवाज, मागच्या बेडकांसकट.

मागनं सृष्टी धापा टाकत आली. तिनंही बघितलं. दोघींनी नाव घेतलं नाही.

"आत्याबाई, राहू द्या ना," सृष्टी हळूच म्हणाली. "आपण खोटं थोडंच लिहिलं? ऐकलं तेच लिहिलं. आन ज्यानं वाजवलं तो काय तोंड उघडणारे? उघडलं तर तोच बाद."

"त्यो नाय उघडणार."

"मग?"

"मग काय? मी उघडीन. वाचायच्या टायमाला खोडाय सांगू." ती वळली. "फोनला फसले गं मी. गोफण घेऊन अख्खी जवानी घातली ह्या गाळात, आन एका डबड्याला फसले." तिला राग खोडण्याचा नव्हता. चारचौघांत उभं राहून कान चुकला म्हणायचं, आन तेही अशा साली ज्या साली पहिल्यांदा नाव लिहिलं, ह्याचा होता.

पाच वाजता मनोऱ्याखाली सतरंजी टाकून सगळे संघ बसले. उज्वला मॅडमनी वाचायला घेतलं. खालचे आकडे आधी. मग, "शेखर ताजनपुरे आणि मंडळी, एकशे अठरा." टाळ्या. सरांनी मान लववली. "आणि कुसाबाई खालकर, सृष्टी खालकर, गोटीराम..." मॅडम थांबल्या, परत बघितलं. "एकशे एकोणीस."

टाळ्या वाजवायला लोकांना एक क्षण लागला. कुसाबाई पदर खोचून उठलीच होती खोडायला सांगायला, पण तिच्या आधी शेखरसर उभे राहिले.

"माझी हरकत आहे. वाईट वाटून घेऊ नका, मावशी. मॅडम, यादीत फटाकडी बघा. आता ती जी साद आहे, टुक टुक करून घरंगळत खाली येणारी, ती विणीच्या हंगामातली. आषाढ, श्रावण. फेब्रुवारीत हा पक्षी तशी साद देतच नाही. मावशींचा दोष नाही. वाट दाखवणं वेगळं आणि शास्त्रीय नोंद वेगळी, एवढंच माझं म्हणणं."

दोन-चार माना हलल्या. कुसाबाईनं सरांकडं बघितलं, मग मॅडमकडं.

"मॅडम, आमच्या कागुदावर काय लिवलंय त्ये वाचा बरं. मोठ्यानं."

"फटाकडी, ऐकली."

"अजून काय?"

"बस, एवढंच."

"मग सर," कुसाबाई म्हणाली, "ती कशी वरडली त्ये तुम्हाला कुणी सांगितलं?"

गोटीराम मोठ्यानं खोकला.

"म्हणजे... साधारण अंदाज..." सर म्हणाले.

"थंडीत ती चिक् करती. तुमीच म्हणता, टुक टुक आषाढातली. मग आमी चिक् ऐकलं आसंल असं का नाय वाटलं तुम्हाला? आन मागनं बेडकं वरडत व्हती, ती बी तुम्हाला ठावं आसंल. स्टँडची तीन भोकं हायत चिखलात. दाखवू का चला?"

उज्वला मॅडमनी चष्मा काढला. "सर, तुम्ही आवाज वाजवलात?"

"फोटोसाठी," शेखरसर म्हणाले. "चारदाच. आणि बाहेर आलीच नाही ती. मी यादीत लिहिली का? नाही लिहिली. मी खोटं नाही लिहिलं."

"तुमी नाय लिवली," कुसाबाई म्हणाली, "कारण तुम्हाला म्हाईत व्हतं ती खिशातली हाय. खिशातलं पाखरू आमच्या कागुदावर येऊन बसलं, आन वर आम्हालाच शिकवाय उठला."

मग ती मॅडमकडं वळली. "आता माझं ऐका. फटाकडी खोडा. एकशे अठरा करा. मी फसले, माझा कान चुकला, ह्ये बी लिवा. पण लिवताना नावानं लिवा."

कोणीतरी मागनं म्हणालं, बरोबरी झाली, बक्षिसाची ढाल दोघांना वाटून द्या, दिवस गोड होऊ द्या.

"का म्हणून?" कुसाबाई गरकन फिरली. "वाजवला त्यो बाद, ह्यो नियम मी केला का? सरांनीच केला. धुळ्याचं पाव्हणं त्याच्यापायी घरी गेलं. त्यांना बी गोड वाटलं आसंल का?"

मॅडमनी पेन घेतलं, एक ओळ खोडली, एक संघ खोडला, आन वाचलं: "प्रथम. निरीक्षक कुसाबाई खालकर आणि संघ. एकशे अठरा." ढाल कुसाबाईनं घेतली आन गोटीरामकडं दिली, त्यानं ती होडीत जाळ्यावर टाकली. ती अजून तिथंच असते. तिच्यावर तो मासे मोजायला ठेवतो.

पंधरा दिवसांनी शेखरसरांचा फोन आला. सृष्टीनं स्पीकरवर लावला. बराच वेळ हवापाण्याचं झालं. मग सर म्हणाले, रविवारी यायचं म्हणतोय, कालव्याकडं शंकर दिसतोय म्हणे.

"या," कुसाबाई म्हणाली. "पुढं मी चालणार, मागं तुमी. फोन गोटीभाऊच्या भाकरीच्या डब्यात राहील. आन काय नवं गावलं तर पयलं नाव माझं, आडनावासकट. कबूल आसंल तर सहाला या, सव्वासहाला मी थांबत नसते."



"बरं... कुसाबाई," सर म्हणाले.

रविवारी ते सहाला पाच मिनिटं कमी असताना आले. फोन बंद करून हातातच धरलेला होता. गोटीरामनं डबा उघडून पुढं केला. त्यात ठेचा होता.

"त्याच्यात?" सरांनी विचारलं.

"त्याच्यातच," कुसाबाई म्हणाली, आन चालायला लागली.