पिवळ्या केसांचा कंस

मी आयुष्यभर लोकांना गावाला पाठवलं. म्हणजे एसटी स्टँडवर माइकपुढं बसून. "जयसिंगपूरमार्गे मिरजेला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागत आहे," हे मी इतक्या वेळा म्हटलंय की बायको म्हणते, तुम्हाला झोपेतून उठवलं तरी आधी फलाट सांगाल, मग डोळे उघडाल. स्वतः मात्र मी फारसा कुठं गेलो नाही. रिटायर झालो, माइक सुटला, पण आवाज काही सुटला नाही. आता एवढ्या मोठ्या आवाजाचं घरात करायचं काय? आमटीत मीठ कमी आहे हे सांगायला तो फार होतो. मग मी तो अमेरिकेच्या सरकारसाठी वापरायला लागलो.

आमच्याकडे संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. तो पेला हातात आला की मला कंठ फुटायचा. "बेड्या घालून विमानात बसवलं आपल्या पोरांना! हातात बेड्या, पायात बेड्या! गुन्हा काय, तर कागद नाही. आणि हे लोकांच्या देशात जाऊन बाँब टाकतात, तेव्हा ह्यांच्याजवळ कुणाचा कागद असतो रे? वर म्हणायचं, शांततेसाठी टाकला!" लोक माना हलवायचे. मला वाटायचं पटतंय. एकदा दूधवाला म्हणाला, "काका, पेला मोकळा करा की, मागं माणसं थांबल्यात." तेव्हा कळलं की माना त्यासाठी हलत होत्या.

मी बहिष्कारही टाकला होता. अमेरिकन कोल्ड्रिंक सोडलं, जे मी कधी पीतच नव्हतो. टूथपेस्ट बदलली. ही सगळी क्रांती मी ज्या फोनवरून पेठेच्या ग्रुपवर जाहीर केली, तो फोन मात्र लेकीनं तिकडूनच पाठवलेला होता. हो, तिकडूनच. माझी एकुलती एक लेक आणि जावई त्याच देशात नोकरीला आहेत. कट्ट्यावरच्या भाषणात एवढा एक मुद्दा मी गाळत असे.

लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कुणी विचारतसुद्धा नाही, ते ठरलेलंच असतं. बायकोनं मधल्या खोलीला रंग लावून घेतला, बाज आणून ठेवली. आणि एक दिवस लेकीचा फोन आला. तिच्या ऑफिसच्या वकिलानं सांगितलं होतं, आता देशाबाहेर पाऊल टाकू नका. गेलात तर परत आत घेतील याची खात्री नाही. रोज नियम बदलतात. "आई, मी येऊ शकत नाही गं," ती म्हणाली, "तूच ये." फोन ठेवल्यावर बायकोनं रंगवलेल्या खोलीतली बाज भिंतीला उभी करून ठेवली. मग म्हणाली, "कागदपत्रं काढा माझी."

ती कधी विमानात बसलेली नाही. पण बॅग अशी भरली की जणू दर महिन्याला जाऊन येते. डिंक, अळीव, खारकेची पूड, स्वतःच्या जुन्या मऊ साड्यांची दुपटी, आणि लेकीची लहानपणीची कुंची. तिच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती नेमकी गणपतीतली, मंगळवारची. बाळाची तारीखही जवळच आलेली. ती गेली तर लेकीजवळ कुणीतरी असणार होतं. नाहीतर कुणी नाही. गोष्ट एवढीच होती.

आणि इथं मी माती खाल्ली.

आमच्या पेठेचं मंडळ दरवर्षी सजीव देखावा करतं. म्हणजे मूर्ती नाहीत, पेठेतलीच माणसं वेश करून स्टेजवर उभी राहतात, संवाद आधीच रेकॉर्ड केलेले, माणसं नुसते ओठ हलवतात. संध्याकाळभर तोच खेळ पुन्हा पुन्हा लावायचा आणि खेड्यापाड्यांतून टेम्पो भरभरून आलेल्या लोकांनी तो बघायचा. लिखाण माझं, निवेदनाचा आवाज माझा, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. यंदा मी लिहिला "जगाचा मालक". आमचा केबलवाला, पोट पुढं, डोक्यावर पिवळाधमक विग, गळ्यात लाल टाय. समोर बेड्या घातलेली माणसं. मागं गजांचा तुरुंग. बाँबच्या जागी सुतळी बाँबचा आवाज आणि धूर. आणि त्या सगळ्यावर मी, स्टँडवरचा माझा कमावलेला आवाज लावून, त्या माणसाला नाव घेऊन झाडतोय. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आयुष्यात माझ्या कुठल्याच घोषणेला शिट्ट्या पडल्या नव्हत्या. मी हवेत.

बायकोची मुलाखत त्याच आठवड्यात आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण देखावा माझ्या डोक्यात एका फलाटावर उभा होता आणि व्हिसा दुसऱ्यावर. दोन्ही गाड्या एकाच रुळावर आहेत हे मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, लेकीचा फोन आल्यावर. म्हणजे एसटीला रूळ नसतात, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

"बाबा, व्हिडिओ फिरतोय. तो आवाज तुमचाच ना?"

"कुठला आवाज?" मी म्हणालो. त्याच आवाजात.

"बाबा, मंगळवारी आईची मुलाखत आहे. ते लोक सगळं बघतात. नातेवाइकांचंसुद्धा बघतात म्हणे." तिचा आवाज रडवेला झाला. "मला आई पाहिजे आहे हो इथं."

डोळ्यांपुढं वॉशिंग्टनमधली एक मोठी कचेरी उभी राहिली. तिथं कानाला यंत्र लावून एक गोरा साहेब बसलाय, माझा आवाज ऐकतोय आणि शेजारच्याला म्हणतोय, हाच तो, फलाट क्रमांक पाचवाला. तसाच उठलो आणि मंडळाच्या अध्यक्षाकडं गेलो. अध्यक्ष म्हणजे गल्लीच्या तोंडावर गाड्या दुरुस्त करणारा मेस्त्री. तो एका स्कूटरच्या पोटात हात घालून बसला होता.

"देखावा बंद करायचा," मी म्हणालो.

"काका, काल तर म्हणालासा, आपण कुणाच्या बापाला भीत न्हाय."

"बापाला नाही भीत रे. पोरीला भितो."

तो समजूतदार. हात पुसत म्हणाला, "बंद कसा करायचा काका? माणसं लांबनं येत्यात. दुसरा काय तर लिवा. पर स्टेज हाय तेच ऱ्हाईल. तुरुंग हाय, बेड्या हाईत, शिपाई हाईत, धूर हाय."

तुरुंग, बेड्या, शिपाई, धूर. मी स्कूटरच्या सीटवर बसलो आणि तिथंच सुचलं. कृष्णजन्म! कुणाच्या बापाची हिंमत आहे गणपतीत कृष्णजन्माला आक्षेप घ्यायची? केबलवाला कंस, बेड्यांतली माणसं देवकी-वसुदेव, बाँबचा धूर तो पावसातल्या यमुनेचा. माझा आवाज पूर्ण काढून टाकायचा. दुपारपर्यंत गॅरेजमध्येच लिहून, तिथंच रेकॉर्ड केलं. कंसाचा आवाज केबलवाल्यानं स्वतःचाच दिला, अस्सल पेठी. औषध दुकानदाराची सून देवकी झाली. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की घरी जाऊन अंघोळ केली.

फक्त एक घोटाळा झाला. केबलवाला विग काढेना. "मला शोभतोय की," म्हणाला. मी विनवण्या केल्या, मुकुट घाल म्हटलं. त्यानं विगवर मुकुट घातला. पिवळी झुलपं दोन्ही बाजूंनी बाहेर.

संध्याकाळी पडदा उघडला. पिवळ्या केसांचा कंस पुढं आला आणि गरजला, "ह्या नगरीत माझ्या परवानगीशिवाय कुणी जन्माला यायचं न्हाय!" वाक्य संपायच्या आत गल्ली हसून फुटली. मग त्यानं गोकुळावर राक्षस पाठवले. "मला शांतता पायजे," तो म्हणाला, "तिकडं एक बी पोरगं रडताना ऐकू यायला न्हाय पायजे." आता हसणं थांबलं. मी गर्दीत मान खाली घालून उभा. कातडी वाचवायला लिहिलेला हा देखावा पहिल्यापेक्षा दसपट झोंबत होता. घाबरून लिहिलं की मला चांगलं लिहिता येतं, हे मला उतारवयात कळलं.

आणि देवकी. गजांना धरून ती शिपायाला म्हणते, "मला सोडू नका. पर माझ्या आईला तेवढं आत सोडा." पुराणात असं कुठं नाही, मला माहीत आहे. गॅरेजमध्ये लिहिताना ते आपोआप उतरलं आणि मला खोडता आलं नाही. बायको माझ्या शेजारी उभी होती. घरी येताना तिनं विचारलं, "अहो, देवकीची आई कोण हो?"

"कुणास ठाऊक. कुणी सांगितलेलं दिसत नाही."

"असणार की कोणतरी," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी आम्ही मुंबईला पोचलो. अमेरिकेच्या वकिलातीत मला आत सोडलं नाही. मी बाहेर रस्त्याच्या कडेला तिची पाण्याची बाटली धरून उभा राहिलो आणि मनात माफीनामा तयार केला. साहेबानं व्हिडिओ दाखवलाच तर काय सांगायचं, याची तिला मी रात्रभर बसमध्ये घोकंपट्टी करून घेतली होती. नवरा हौशी आहे, वयानं असं होतं, डॉक्टरांना दाखवलंय. पाठ कर म्हटलं.

ती लवकरच बाहेर आली. हातात एक छापील चिठ्ठी.

"काय विचारलं?"

"कोण आहे तिकडं, किती मुलं, मालक काय करतात. मी म्हटलं रिटायर आहेत, घरीच असतात. बरं म्हणाला. मराठीत बोलला, काकू म्हणाला. आणि सॉरी म्हणाला, व्हिसा नाही देता येत."

"आणि व्हिडिओ?"

"कसला व्हिडिओ? तुमचं नावसुद्धा विचारलं नाही."

खोटं कशाला सांगू, आधी मला नाव विचारलं नाही याचंच वाईट वाटलं. ज्या सरकारला मी वर्षभर दूधकट्ट्यावरून हादरे देत होतो, त्याला मी आहे हेच माहीत नव्हतं. माझ्यामुळं नाही म्हणाले असते तर निदान भांडायला काहीतरी होतं. त्यांनी नाही म्हटलं ते माझ्यामुळं नाही आणि तिच्यामुळंही नाही. एकुलती एक लेक, तीही तिकडं, म्हणजे म्हातारी जाऊन परत येणार नाही, एवढं कुणीतरी ठरवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बसमध्ये बायकोनं खिडकीकडं तोंड केलं ते कोल्हापूर येईपर्यंत. मला राग आला. कट्ट्यावरचा राग मला आवडायचा, तो दुधाबरोबर उतरायचा. हा उतरेना. एवढा मोठा आवाज जवळ असून मला एक शब्द बोलता आला नाही.

बॅग तशीच कोपऱ्यात राहिली. डिंकाचा वास खोलीभर. विसर्जनाला थोडेच दिवस उरले असताना बाळ आलं, तारखेच्या आधीच. मुलगी. जावयानं दवाखान्यातून व्हिडिओ पाठवला. गुंडाळलेलं लाल तोंड, आणि रडणं. काय रडणं म्हणता! घशात माझाच माइक. लेक फोनवर म्हणाली, "आई, मला हिला नीट धरता येत नाही गं." बायको म्हणाली, "येईल, येईल. मानेखाली हात घाल." आणि स्वतःचा रिकामा हात तिनं तसा धरून दाखवला.

त्याच संध्याकाळी अध्यक्ष घरी आला. "काका, आता व्हिसाचं झालंच न्हाय, तर जुना देखावा लावूया का? तुमचा आवाज घालून?" मी छाती फुगवून तोंड उघडलंच होतं. बायको आतून फोन घेऊन आली.

"कृष्ण जन्मल्यावर तुम्ही ते मोबाइलमधलं रडणं लावता ना, ते मांजरासारखं वाटतंय. हे लावा."

"अगं, कुठं लावतेस," मी म्हणालो, "परत कुणी व्हिडिओ केला आणि त्यांना कळलं तर?"

"काय करतील? परत नाही म्हणतील?"

त्या संध्याकाळी ती मंडपासमोर पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली. कंस गरजला, राक्षस गेले, देवकीनं आईला आत सोडा म्हटलं. अंधार झाला, धूर झाला, आणि कर्ण्यांमधून माझी नात रडायला लागली. साऱ्या गल्लीत, कुणाची परवानगी न घेता. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. मला काही दिसेना, धूर फार होता असं आपण म्हणू.

खेळ संपला की लोक पुढं सरकत, दुसरे येत. बायको हलली नाही. पुन्हा पडदा, पुन्हा ते रडणं. बोलवायला म्हणून मी तिच्यापाशी गेलो. तिच्या शेजारी कबनूरकडून आलेली एक बाई होती, कडेवर पोर घेतलेली. तिनं गालावर हात ठेवला.

"अगं बाई, किती रडालंय ते लेकरू! आजीबिजी कोण न्हाय व्हय त्याला?"

"हाय की," माझी बायको म्हणाली. "हाय."